शिळं पाणी

"यावर सही नका करू."

आवाज मागून आला. अंधेरी कोर्टाबाहेर, नोटरीच्या छत्रीखाली, श्रुतिका परब पेनाचं टोपण काढत होती आणि तिच्या खांद्यावरून कुणीतरी खुशाल तिचे कागद वाचत होतं! ती गर्रकन वळली. उंच, सावळा, चष्म्याची एक दांडी वाकडी, हातात बहिणीच्या नावबदलाचं प्रतिज्ञापत्र. डोळे मात्र… असो. डोळ्यांकडे आपण तेव्हा बघितलंच नव्हतं, असं ती पुढे कितीतरी दिवस सगळ्यांना सांगत होती.

"दुसऱ्याचे कागद वाचायची सवय आहे का तुम्हाला?"

"नाही, ते… वरचं नाव दिसलं. पाणी गाळायच्या कँडलचं तंत्रज्ञान. सहा महिने थांबा. अजून तयार नाहीये ते."

"तुम्हाला काय माहीत?"

त्याने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

"तुम्ही आहात कोण?"

"मी… तसा कुणी नाही."

"मग कुणी नसल्यासारखे गप्प उभे राहा ना!"

आणि तिने सही ठोकली. एवढ्या जोरात, की खालच्या पानावरही तिचं नाव उमटलं. कुणीतरी प्रतिस्पर्ध्याने पाठवलेला दलाल असणार, अशी तिची खात्रीच झाली. तो बाजूला झाला. जाताना एकदा वळून बघितलं त्याने. तिनेही बघितलं, पण ते डोळे वटारायला.

परबांच्या घरात राग तसा आधीपासूनच नाकाच्या शेंड्यावर. तिचे वडील, चंद्रप्रकाश परब, गिरणी बंद पडल्यावर अंधेरीच्या एमआयडीसीत गाळा घेऊन दुसऱ्यांच्या वॉटर फिल्टरची प्लॅस्टिकची कवचं बनवत राहिले. आयुष्यभर कवचं बनवली, फिल्टरवर नाव मात्र कायम दुसऱ्याचं. ते गेल्यावर गाळा आला श्रुतिकाकडे, सोबत नऊ कामगार बायका आणि एकच हट्ट. आता आतली कँडलही आपण करायची आणि वर नाव परबांचं लावायचं.

म्हणून तिने मुलुंडच्या सरकारी जल प्रयोगशाळेचा परवाना घेतला. प्रयोगशाळेने शोधलेलं लहान उद्योगांना द्यायचं, असं सरकारचं धोरण आहे. परदेशात म्हणे यासाठी चाळीस-चाळीस वर्षं जुने कायदे आहेत. आपल्याकडेही एक विधेयक संसदेत येऊन गेलं, पण ते मागे घेतलं गेलं. मागे उरली परिपत्रकं आणि भाषणं. त्या मार्चमध्ये मुलुंडला घाई होती, कारण वर्षअखेरीला 'किती तंत्रज्ञानं उद्योगाला दिली' हा आकडा वर कळवायचा होता. किती गाळ्यांत ती चालली, हे विचारणारा रकानाच त्या तक्त्यात नव्हता! करारात मात्र रकाने बरोबर होते. एका वर्षात, दहा मार्चच्या आत, चाचणीत उतरलेला पहिला माल दाखवला नाही, तर परवाना रद्द.

आणि माल काही उतरेना.

एप्रिल गेला, मे गेला. कागदात लिहिलं होतं त्याप्रमाणे पोकळ नळी द्रावणात बुडवायची, सावकाश वर काढायची, स्वच्छ पाण्याच्या टबात सोडायची. नळीवर दुधाच्या सायीसारखा पातळ पापुद्रा धरतो, तोच पाणी गाळतो. धरत होता, नाही असं नाही. पण आतून हवा सोडली की बुडबुडे! टाचणीच्या टोकाएवढी भोकं, दहातल्या सात कँडलना. प्रेमामावशी, कामगारांतली सगळ्यात जुनी बाई, रोज सकाळी टब घासूनपुसून लख्ख करत होती. द्रावण मोजून, हात धुऊन, केस बांधून बायका काम करत होत्या. तरी भोकं. प्रयोगशाळेला पत्रं गेली, उत्तरं आली. 'दोन दिवसांचे प्रात्यक्षिक करारानुसार देण्यात आले आहे.'

ऑक्टोबरात श्रुतिकाचा बांध फुटला. भोकांची कँडल पिशवीत घालून ती मुलुंडला थडकली. विभागप्रमुखांच्या खोलीत शिरली आणि समोर बघते तर काय… वाकडी दांडी!

"हे डॉक्टर चैतन्य वाहुळे," विभागप्रमुख म्हणाले. "या कँडलचे मूळ संशोधक."

श्रुतिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुम्ही? तसे कुणी नाही म्हणालात ना?"

"सांगितलं होतं मी, सही करू नका म्हणून."

"रस्त्यात उभं राहून! पूर्ण वाक्यसुद्धा न बोलता!"

"काय बोलणार होतो? नोकरीचे नियम आहेत. मी अर्ज दिला होता, सहा महिने द्या, माझ्या हातून दहातल्या तीन कँडल फुटतात, कारण सापडलेलं नाही. अर्ज फाइलला लागला आणि तंत्रज्ञान तुम्हाला लागलं." त्याचा आवाज चढला होता. विभागप्रमुख पंख्याकडे बघत होते. "मला काय कमी राग आहे वाटतं? माझी चार वर्षं गेली आहेत त्या कँडलमध्ये. आमच्या घरात पाणी हा चेष्टेचा विषय नाही, मॅडम."

त्याच्या टेबलावर बाबासाहेबांची छोटी तसबीर होती. श्रुतिकाची नजर तिच्याकडे गेली आणि तोंडावर आलेला पुढचा शब्द तिने गिळला. राग मात्र गिळला नाही. तो तिने घरी नेला, आणि त्या रागात प्रयोगशाळेची ऐंशी पानी नियमावली वाचून काढली. शनिवार, रविवार, पेन्सिल घेऊन. चौसष्टाव्या पानावर कलम अकरा सापडलं. परवाना घेणाऱ्याला अडचण आल्यास शास्त्रज्ञाला आठवड्यातून दोन दिवस उद्योगात पाठवता येईल. छापल्यापासून ते कुणी वापरलंच नव्हतं!

सोमवारी तिने ते पान विभागप्रमुखांच्या टेबलावर आपटलं. "कायदा नाही, कायदा नाही म्हणून रडता कशाला? असलेला नियम आधी वाचा की!"

मंगळवारी सकाळी दहाला डॉक्टर वाहुळे गाळा नंबर सतराच्या दारात उभे होते. खांद्याला पिशवी, हातात डबा.

"आलात? आता शोधा भोकं," ती म्हणाली.

"चहा तरी विचारा."

"बिनभोकाची कँडल दिलीत की विचारते."

असे ते मंगळवार-शुक्रवार सुरू झाले. भांडणाशिवाय एक दिवस जाईल तर शपथ! द्रावण दाट की पातळ, यावर भांडण. नळी किती सेकंदांत वर काढायची, यावर भांडण. तो वहीत आकडे लिहायचा, ती ते खोडून दाखवायची. तो म्हणायचा, "प्रयोग असा होत नाही." ती म्हणायची, "कारखाना असाच होतो." दुपारी तो डबा उघडायचा. त्याच्या आईच्या हातचा, हिंगोलीकडचा ठेचा. पहिल्या आठवड्यात तिने तिखट म्हणून नाक मुरडलं. तिसऱ्या आठवड्यात डब्याला आणखी एक कप्पा आला होता, आणि त्याबद्दल दोघंही काही बोलले नाहीत.

बोलायची ती प्रेमामावशी. "गो बाय, त्या डॉक्टराचा लक्ष टबात नाय हा."

"मग कुठे आहे?"

"तुका म्हायत नाय?"

"मावशी, काम करा!" श्रुतिका ओरडली. पण त्या शुक्रवारी ती घरून केस नीट विंचरून आली होती, हे सगळ्या बायकांनी पाहिलं.

डिसेंबरात एकदा साच्यावर तिचं बोट भाजलं. त्याने काही न विचारता तिचा हात धरला, नळाखाली घेतला आणि धरूनच राहिला. पाणी वाहत होतं. त्याचा अंगठा तिच्या मनगटावर होता, अगदी हलका.

"बस झालं… पाणी वाया जातंय," ती म्हणाली.

"जाऊ दे," तो म्हणाला.

असं म्हणणारा तो माणूस एरवी थेंबभर पाणी सांडलं तरी कुरकुरायचा. श्रुतिकाला त्या रात्री झोप लागली नाही, आणि त्याचाही तिला रागच आला. परवाना जायची वेळ आली आहे, नऊ बायका आपल्या तोंडाकडे बघताहेत, आणि आपण एका मनगटाचा विचार करत पडलोय!

कारण भोकं होतीच. दहातल्या सात फुटायच्या, त्या आता चार फुटत होत्या, पण चाचणीला तीस कँडल लागतात आणि एकाहून जास्त फुटलेली चालत नाही. जानेवारी संपत आला. तो येताना आता डोळे खाली घालून येई.

आणि मग एका शुक्रवारी तो दहाऐवजी साडेसातलाच आला. गाळा नुकता उघडत होता. दारातून त्याने पाहिलं, प्रेमामावशीने आदल्या दिवशीचा टब उपडा केला, काथ्याने खसाखसा घासला आणि नळाची रबरी नळी लावून फुल प्रेशरने ताजं पाणी भरलं. पाणी फेसाळत वर आलं.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "हे रोज करता?"

"मगे? शिळा पाणी कोण वापरतला? माझ्या सासून शिकवलेला हा. कालचा पाणी ओतूचा, मगच चूल पेटवूची."

चैतन्य तिथेच मोरीच्या कट्ट्यावर बसला. मग उठला, खिशातून फोन काढला आणि स्पीकरवर टाकला. श्रुतिका तेवढ्यात आत आली होती. फोन होता विक्रोळीला, अण्णांना. अण्णा म्हणजे प्रयोगशाळेतले जुने मदतनीस, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. त्यांच्या हातची एकही कँडल कधी फुटली नव्हती.

"अण्णा, आपल्या टबात पाणी कधी भरायचात तुम्ही?"

"संध्याकाळी, घरी जायच्या आधी. का हो?"

"सकाळी का नाही?"

"साहेब, सकाळी आपल्याकडे नळाला पाणी असायचं कुठं? नळ यायचा संध्याकाळी पाचला. रात्रभर टबात राहायचं, सकाळी त्यातच काम. तुम्हाला घाई असली की तुम्ही वरच्या टाकीचं जोरात सोडून घ्यायचात."

चैतन्यने फोन ठेवला आणि फेसाळलेल्या टबाकडे बोट दाखवलं. जोरात सोडलेल्या ताज्या पाण्यात हवा असते. बारीक, डोळ्याला न दिसणारी. ती ओल्या पापुद्र्याला चिकटते आणि तिथे भोक पडतं. रात्रभर ठेवलेल्या पाण्यातून ती निघून जाते. एवढंच होतं सगळं! पालिकेचं पाणी संध्याकाळी यायचं म्हणून लागलेली अण्णांची सवय कुणी कागदावर लिहिली नाही, कारण अण्णांना कधी कुणी विचारलंच नाही. आणि इथे या बायका स्वच्छतेच्या पायी रोज सकाळी आपल्याच कँडलचा घात करत होत्या.

"चार वर्षं," चैतन्य म्हणाला. "चार वर्षं मी द्रावणाचे आकडे लिहीत बसलो. त्यातली पहिली दोन वर्षं तो माणूस माझ्या शेजारी उभा होता."

"आणि माझे दहा महिने!" श्रुतिकाचा आवाज फाटला. "हुशार ना तू? डॉक्टर ना? एका माणसाला 'अण्णा, तुम्ही काय करता' एवढं विचारता आलं नाही तुला?"

ती त्याला पहिल्यांदाच 'तू' म्हणाली होती. रागात गेलं तोंडून. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेही रागानेच.

"नाही विचारलं," तो म्हणाला. "चुकलो. तू ओरड माझ्यावर. पण आज टबाला हात लावू नकोस."

शनिवारी कालच्या पाण्यात चाळीस कँडल बुडाल्या. चाळीसांत हवा सोडली. प्रेमामावशी टबावर ओणवी होऊन बुडबुडे शोधत होती, आणि बुडबुडा एकही नव्हता. बायकांनी टाळ्या पिटल्या. श्रुतिकाने त्याच्याकडे पाहिलं, तो तिच्याकडेच पाहत होता. काहीतरी म्हणायला त्याने तोंड उघडलं, अगदी त्या कोर्टाबाहेरच्यासारखं… आणि मिटलं. तिने चहा मागवला.

चाचणी ठरली आठ मार्चला. ती घेणार होता चैतन्य, अहवालावर सही त्याचीच. आणि सात तारखेच्या दुपारी त्याचा मेसेज आला.

'उद्या मी येणार नाही. चाचणी अनुपमा मॅडम घेतील. मला तिथे थांबता येणार नाही. कारण फाइलमध्ये लिहिलं आहे. तुम्हाला माझी गरज नाही, खरंच.'

श्रुतिकाने फोन टेबलावर आपटला. पुन्हा तेच! अर्धं वाक्य बोलायचं आणि बाजूला व्हायचं! दोन दिवसांत परवाना जातोय की राहतोय ते ठरणार, आणि हा पळाला. तिने त्याला फोन केला, त्याने उचलला नाही. दुसऱ्यांदा केला नाही तिने. परबांची पोर होती ती.

"मावशी, संध्याकाळी टब भरून ठेवा," ती एवढंच म्हणाली. "आणि सकाळी कुणी ओतला तर याद राखा."

आठ तारखेला प्रयोगशाळेतल्या वरिष्ठ शास्त्रज्ञ अनुपमा मॅडम आल्या. करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी स्वतः वेगवेगळ्या बायकांना पुढे बोलावलं, त्यांच्याकडून तीस कँडल बनवून घेतल्या. शास्त्रज्ञ कुणी जवळ नाही, वही नाही, आकडे नाहीत. होते फक्त बायकांचे हात आणि कालचं पाणी. तीसच्या तीस उतरल्या. प्रेमामावशीने पदराने डोळे पुसले. श्रुतिकाच्या छातीवरचं वर्षभराचं ओझं उतरलं, आणि ते उतरल्यावर खाली काय होतं ते तिला स्वच्छ दिसलं. हे बघायला तो इथे हवा होता. म्हणून तर तिचं डोकं एवढं फिरलं होतं!

दुसऱ्या दिवशी मुलुंडला अनुपमा मॅडमनी फाइल तिच्यासमोर सरकवली.

"परवाना कायम झाला, अभिनंदन. आणखी एका कागदावर तुमची सही लागेल. कलम अकराखाली उद्योगात गेलेल्या शास्त्रज्ञाने चाचणीआधी प्रतिज्ञापत्र द्यायचं असतं. परवानाधारकाला मजकूर मान्य असेल तर खाली सही करायची."

श्रुतिका वाचू लागली. छापील ओळी, आणि खाली चैतन्यचं बारीक, उभं अक्षर.

'परवानाधारकाशी वैयक्तिक संबंध आहे काय? — होय.

संबंधाचे स्वरूप — श्रुतिका चंद्रप्रकाश परब यांच्याशी विवाह करण्याची इच्छा आहे. डिसेंबरपासून. एकतर्फी. त्यांना याची कल्पना नाही. सबब ही चाचणी मी घेणे योग्य होणार नाही. माझ्या सहीमुळे उद्या त्यांच्या मालावर कुणी बोट दाखवू नये.'

तिने ते दोनदा वाचलं.

"मान्य आहे का?" मॅडमनी विचारलं.

"नाही."

अनुपमा मॅडमचा चेहरा पडला. "नाही?"

"माहिती चुकीची आहे. बोलवा त्याला आत."

तो आला. दारातच उभा राहिला, त्याच वाकड्या दांडीतून बघत.

"सरकारला सांगितलंस?" श्रुतिकाने विचारलं. आवाज खाली ठेवायचा तिने प्रयत्न केला, पण तो काही जमला नाही. "मला नाही सांगितलंस, मुलुंडच्या फाइलला सांगितलंस?"

"तुला आधी सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं, चाचणीच्या बदल्यात विचारतोय. तू हो म्हणालीस तरी मला खरं वाटलं नसतं, आणि नाही म्हणालीस तर…" तो थांबला.

"तर काय? पूर्ण वाक्य बोल, चैतन्य. एकदा तरी!"

"तर मी ते सहन करू शकलो नसतो. आणि 'नाही' असं लिहिलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. तुझ्या कँडलच्या कागदावर मला खोटं लिहायचं नव्हतं."

श्रुतिकाने हात पुढे केला.

"पेन दे."

त्याने खिशातलं पेन दिलं. तिने 'एकतर्फी' या शब्दावर आडवी रेघ मारली. मग 'कल्पना नाही' यावर मारली.

"श्रुतिका, सरकारी कागदावर खाडाखोड…"

"चालते. शेजारी सही केली की चालते. नियमावली मी वाचलीये, तू नाही."

आणि तिने दोन्ही रेघांशेजारी सही केली. मग खाली, परवानाधारक म्हणून, तिसरी. या वेळी पेन अजिबात जोरात दाबलं नाही. चैतन्य त्या सह्यांकडे बघत राहिला, मग तिच्याकडे. चष्मा काढून तो शर्टाच्या टोकाने पुसू लागला आणि पुसतच राहिला.

अनुपमा मॅडमनी फाइल ओढून घेतली, शिक्का उचलला, 'नोंद घेतली' असा ठप्पा मारला आणि खाली तारीख टाकली.

"दहा महिने गेले त्याबद्दल मी तुला कधीतरी माफ करेन," श्रुतिका दाराकडे जाताना त्याला म्हणाली. "पण डिसेंबरपासूनचे तीन महिने? ते का फुकट घालवलेस रे?"